परतीचा उतार

४ सप्टेंबर

पोचलो एकदाचे. मी, बाबा आणि बाबांचं शिलाई मशीन. टेम्पोवाला वाटभर कुरकुरत होता, की समुद्रावर राहायला जाणारे लोक चटया नेतात, छत्र्या नेतात, हे लोखंडी धूड नेणारे तुम्ही पहिलेच. बाबांनी त्याच्या शर्टाची उसवलेली बाही बघितली आणि त्याला दारातच बसवून चार टाके घालून दिले. जाताना तो बाबांशी हात मिळवून गेला, माझ्याकडे बघितलंही नाही.

घर बैठं आहे, दोन खोल्यांचं, आणि शिवाय माझ्यासाठी नकाशांची एक वेगळी खोली. तिला एक भिंत नाहीच, नुसती काच. काचेपलीकडे मैदान, मैदानापलीकडे वाळूच्या टेकड्या, टेकड्यांपलीकडे समुद्र. झाड औषधाला नाही. वारा इतका, की खिडकी उघडली आणि माझे नकाशे थेट स्वयंपाकघरात जाऊन बसले. बाबा खूश आहेत. इथे रस्ताच नाही तर रस्ता चुकणार कसा, म्हणाले. मी हसले, पण उठून दार लावून घेतलं.

कारण बाबा शहरात दोनदा हरवले. दुसऱ्या वेळी संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत. पन्नास वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, हातावर कोट टाकून एका गिऱ्हाइकाला पोचवायला निघाला होता. ते गिऱ्हाईक मी शाळेत असतानाच वारलं. दादाने तेव्हाच एका वृद्धाश्रमात खाट धरून ठेवली आणि मला सांगितलं, की तू गोल्फची मैदानं आखत गावोगाव फिरणार, मी कामावर जाणार, बाबांना बघणार कोण. ही नोकरी मी त्यासाठीच धरली. काम घरासमोर, बाबा नजरेसमोर. दादाने एक अट घातली आहे. आणखी एकदा हरवले, की मी हट्ट सोडायचा. मी कबूल झाले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मुकादम भेटून गेला. मैदानाचं गवत त्याच्या ताब्यात आहे. चेहरा आंबट, पण येताना आमच्यासाठी अंडी घेऊन आला होता. उद्या मैदान दाखवतो म्हणाला.

६ सप्टेंबर

दोन दिवस नुसती चालते आहे. पायांचे तुकडे पडले, पण काय जागा आहे.

समुद्र आणि शेतं यांच्यामधली ही वाळूची पट्टी कुणाच्याच कामाची नव्हती, म्हणून गोल्फच्या वाट्याला आली. अशा जागेला लिंक्स म्हणतात. इथे जमीन आयती मिळते. वाऱ्याने उंचवटे केले, पावसाने खळगे केले, आखणाऱ्याने फक्त त्यात चेंडूची वाट शोधायची. मैदान किनाऱ्याच्या कडेने लांब जातं आणि टेकड्यांच्या मागून घराकडे परत येतं. सगळं खासगी. मालक दूर राहतो, उंटावरून शेळ्या हाकतो आणि हंगामात चार मित्रांना घेऊन खेळायला येतो. बाकी वर्षभर मैदान मुकादमाचं आणि वाऱ्याचं.

शेवटचा टप्पा, अठरावा, समुद्राने खाऊन टाकला. तो मी नव्याने आखायचा, आमच्या अंगणाला लागून संपणारा. आजवर मी दुसऱ्यांच्या नकाशांवर वाळूचे खड्डे काढून दिले. अख्खा टप्पा माझा, असं पहिल्यांदाच होतं आहे. सुचतंय इतकं, की बसवत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. ज्याने हे मैदान मुळात आखलं त्याने सगळे उतार समुद्राकडे दिले आहेत. चेंडू जरा चुकला की घरंगळत पुळणीवर. टेकड्या आणि घर यांच्यामध्ये तर एक लांब बांधच घातला आहे, मातीचा, आता गवताने झाकलेला. त्याचा खेळाला काडीचाही उपयोग नाही. समुद्राकडून काही येऊ लागलं तर बांधावर अडावं आणि आल्या वाटेने परत जावं, एवढंच तो करतो. मी मुकादमाला विचारलं, की हा माणूस इतका कद्रू का होता. मुकादम म्हणाला, ज्याने केलं तो आता नाही, आणि त्याने काही विचार करूनच केलं असेल. मी म्हटलं, काय विचार. तो म्हणाला, ते मला काय ठाऊक, मी गवतवाला. मग दोघंही हसलो.

१२ सप्टेंबर

आज बाबा गेले होते.

मी फोनवर मालकाशी दगडगोट्यांवरून हुज्जत घालत होते आणि दार उघडं राहिलं. वळून बघते तर खुर्ची रिकामी. खुंटीवरचा कोटही नाही. मी टेकड्यांमध्ये धावत सुटले. तिथे एका खळग्यात उतरलं की दुसरा दिसत नाही, आवाज वारा गिळतो. ओरडून घसा बसला. शेवटी मुकादमाला बाबा बांधापलीकडच्या उतारावर दिसले. हातावर कोट टाकून शांतपणे समुद्राकडे चालले होते, तो गाठेपर्यंत गुडघाभर पाण्यात पोचले होते. मुकादमाने हाताला धरलं तेव्हा म्हणाले, गिऱ्हाईक खालच्या अंगाला राहतं.

घरी आणून पाय पुसले. मला त्यांचा राग आला आणि रागाची लाज वाटली. दादाला कळवलं नाही. मुकादमालाही गप्प राहायला सांगितलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, त्यांचा काय दोष, पाय उताराला लागले.

पाय उताराला लागले. हे वाक्य मला आता झोपू देणार नाही.

१३ सप्टेंबर

सुचलं. पहाटेपासून काढते आहे.

बाबा मुद्दाम कुठेच जात नाहीत. मन कोटात गुंतलेलं असतं आणि पाय सोपी वाट धरतात. इथे सगळी सोपी वाट पाण्याकडे जाते. मग ती घराकडे का जाऊ नये? अठराव्या टप्प्याची जमीन मी ओंजळीसारखी करणार. दोन्ही बाजूंनी चढत्या कडा, मध्ये अलगद खोलगट, आणि सगळा कल आमच्या अंगणाकडे. चेंडू कुठेही पडो, घरासमोर येऊन थांबेल. खेळणाऱ्यांना वाटेल, आज आपला हात काय बसलाय. आणि बाबा कुठूनही निघोत, शेवटी दारातच येतील. त्यासाठी तो बांध काढावा लागेल. त्याचं नाहीतरी काय काम.

मालकाला नकाशा पाठवला. त्याला बेहद्द आवडला. पाहुणे जिंकल्यासारखे घरी गेले पाहिजेत, म्हणाला. खरं कारण मी सांगितलं नाही. एका दगडात दोन पक्षी, त्यातला एक माझा.

२१ सप्टेंबर

पोकलेन आलं. त्यावरचा माणूस बोलत नाही, शिट्टी वाजवतो, पण हात असा हलका, की नखाएवढी माती काढ म्हटलं तर तेवढीच काढतो. पहिल्याच दिवशी बांध गेला. मुकादम उभा राहून बघत होता. मी विचारलं, काही म्हणायचंय का. तो म्हणाला, आता म्हणून काय उपयोग, आणि मग स्वतःच फावडं घेऊन कडा गोल करायला लागला.

बाबा खुर्ची टाकून देखरेख करतात. जमीन म्हणजे त्यांना कापड वाटतं. इथे चुण्या पडल्यात, तिथे तिरपं कापलंय, असं पोकलेनवाल्याला सांगतात आणि तो शिट्टी थांबवून ऐकतो. गंमत म्हणजे बहुतेक वेळा बाबांचं बरोबर असतं. आज मी टोपलीभर चेंडू टेकडीवरून सोडून दिले. सगळे डुलत डुलत अंगणात आले. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

८ ऑक्टोबर

हिरवळीच्या चादरी अंथरून झाल्या, मुळं धरू लागली. आज परीक्षा घेतली. दार मुद्दाम उघडं ठेवलं आणि काचेमागे श्वास रोखून उभी राहिले. बाबा कोट घेऊन निघाले. टेकडीपर्यंत गेले, थोडं घुटमळले, डाव्या हाताला वळले, पायांनी उतार पकडला आणि वळसा घालून थेट पायरीशी आले. मला म्हणाले, गिऱ्हाईक घरी नव्हतं, उद्या बघू.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बऱ्याच महिन्यांनी आनंदाने रडले. दादाला फोन करून सांगितलं, की बाबा आज एकटे फिरून आले. त्याला खरं वाटेना. मग म्हणाला, असंच राहिलं तर खाट सोडून देतो. तुझंच खरं, म्हणाला. दादाच्या तोंडून हे ऐकायला मी जन्मभर थांबले होते.

सकाळी पायरीशी शेवाळाचं भेंडोळं, जाळ्याचा एक बुचाचा गोळा आणि एका पायाची जुनी चप्पल पडलेली असते. भरती इथवर येत नाही. वाऱ्याने घरंगळत येत असणार. ओंजळ म्हटलं की त्यात काहीही पडणार. मुकादम झाडून काढतो आणि माझ्याकडे बघतो. बघू दे.

१३ ऑक्टोबर

बाबांना गिऱ्हाईक मिळालं आहे. म्हणजे तसं ते सांगतात. दुपारी मी मैदानावर असते तेव्हा येतं. माप द्यायला.

मी थट्टेने विचारलं, कोण आहे, कसं आहे. बाबा म्हणाले, शांत आहे, पण फार ओलं असतं. आणि फार अवघड. खांदेच नाहीत, कोट टांगायचा कशावर. हाताचं माप घेतलं, टेप गुंडाळली, पुन्हा घेतलं तर वेगळंच आलं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वाद घालू नका, त्यांच्या कलाने घ्या. घेतलं. पण मशीनशेजारच्या खुर्चीची गादी पिळण्याइतकी ओली होती, आणि पायरीपासून खुर्चीपर्यंत बारीक वाळू होती. बाबांचे पाय कोरडे होते. मी स्वतः चाचपून बघितले.

१६ ऑक्टोबर

दोन दिवस धुकं. भर दुपारी दिवे लावावे लागतात. कामात मन लागत नाही. बसते, उठते, काचेपाशी जाते, परत येते.

आज लवकर परतले. बाबा आरशासमोर उभे राहून स्वतःचं माप घेत होते. छाती, पाठ, दंड, मनगट. मोठ्याने बोलत होते, शेजारी कुणी लक्ष देऊन ऐकत असावं तसं. मला बघून म्हणाले, तू आलीस आणि ते उठून गेलं, गिऱ्हाइकासमोर असं धाडकन येऊ नये. मग समजावून सांगितलं. त्या बिचाऱ्याला स्वतःचं माप नाही. म्हणून त्यानेच विचारलं, तुमच्या मापाचं मिळेल का. मिळेल की, बाबा म्हणाले.

मी म्हटलं, मग तुमचा उजवा खांदाही देणार का त्याला. जन्मभर वजनदार इस्त्री उचलून बाबांचा उजवा खांदा चांगला दोन बोटं खाली उतरला आहे. स्वतःचे शर्ट ते त्या हिशोबाने शिवतात. बाबा हसले. म्हणाले, वेडी आहेस, शिंपी व्यंग झाकतो, शिवत नाही. खांदे मी त्याला सारखे दिलेत.

खुर्ची आजही ओली होती.

१७ ऑक्टोबर

मला तो बांध परत हवा आहे.

मालकाला सांगितलं तर हसला. पाहुण्यांना आमंत्रणं गेलीत, म्हणाला, आता मागे फिरायचं नाही. मुकादमाला सांगितलं तर तो हसला नाही. काही न विचारता फावडं घेऊन आला. दिवसभर दोघांनी माती ओढली. गुडघाभर बांध झाला. पोकलेनवाल्यालाही मुकादमाने निरोप धाडला आहे, पण तो दुसरीकडे अडकला आहे.

दादाला सांगून निघून जावं का? सांगणार काय? बाबांकडे ओलं गिऱ्हाईक येतं, असं म्हटलं तर तो संध्याकाळी गाडी घेऊन हजर होईल आणि बाबांना थेट त्या खाटेवर नेऊन ठेवेल. तिथे मशीन चालत नाही. कात्रीही चालत नाही. मी चौकशी केली होती. बांध झाला की सगळं थांबेल. थांबायला हवं.

दाराला बाहेरून, वरच्या झरोक्याखाली कडी बसवली.

१८ ऑक्टोबर

काल घातलेला बांध नाही. वाहून गेला म्हणावं तर पाऊस नाही. माती खाली सपाट पसरली आहे, हाताने थापल्यासारखी. उतार होता त्याहून गुळगुळीत झालाय. मुकादमाने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा खणायला लागला. मीही.

पायाखालची वाळू सरकते असं नुसतं म्हणतात. इथे ती खरंच सरकते, आणि घराकडे.

१९ ऑक्टोबर

धुकं इतकं, की फावड्याचं टोक दिसत नव्हतं. दुपारी घरी आले तर कडी आतून काढलेली. स्टूल लावून, झरोक्यातून हात घालून काढली बाबांनी. खोलीत नाहीत. कोट नाही.

मी हाका मारत ओंजळीत उतरले. काही दिसेना. मुकादम किनाऱ्याकडे गेला. मी दारात थांबले, कारण मीच आखलंय ना सगळं, ते इथेच येणार. इथेच यायला हवेत. किती वेळ गेला कोण जाणे. मनात सारखं येत होतं, मी शहाणी, मी बाबांना नजरेसमोर ठेवणार होते.

मग धुक्यातून आले. हळूहळू, उताराने, सरळ पायरीशी. नखशिखांत भिजलेले. मी मिठी मारली. अंग बर्फासारखं गार. कोरडे कपडे घातले, केस पुसले, पांघरुणात गुंडाळलं. जिवात जीव आला. सूप केलं, पण घेतलं नाही. नुसते माझ्याकडे बघत होते.

कोट कुठे टाकला, विचारलं. त्यांनी रिकामे हात पुढे केले. जाऊ दे तो कोट.

२० ऑक्टोबर

पोकलेन आलं. मुकादमाने त्याला कसं आणलं विचारलं नाही. मालकाला काय सांगायचं ते नंतर बघू. सकाळपासून माती पडते आहे. जुन्यापेक्षा उंच बांध, आणि घरापासून पुढे सगळा कल समुद्राकडे. ओंजळ उलटी केली. मी चेंडू सोडले. सगळे अंगणापासून दूर, निचऱ्यासाठी बांधात ठेवलेल्या फटीतून खाली पाण्याकडे गेले. आज माती जागची हलली नाही. उलट आपण होऊन बसत गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं.

बाबा दिवसभर घरात. कुठे जायचं नाव नाही. ताठ बसले आहेत. मशीनला हात लावला नाही. मी म्हटलं, गिऱ्हाईक आलं का आज. नाही म्हणून मान हलवली. गेलं ते, म्हणाले. किती बरं वाटलं.

मुकादम जाताना विचारत होता, की बाबांना सकाळी बाहेर कशाला सोडलं. पुळणीवर धुक्यात दिसले त्याला, हातावर कोट होता, हाक मारली तर ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, बाबा इथे झोपले होते, मी उशाशी होते. तो म्हणाला, मग धुक्यात माझे डोळे फिरले असतील. पण निघता निघत नव्हता.

२१ ऑक्टोबर, सकाळ

बाबांना धुतलेला शर्ट घातला. बसेना. उजव्या खांद्याला चुणी पडते, खालची कड एका बाजूला वर जाते. दुसरा घातला. तसंच. तिसरा. सगळे त्यांनीच शिवलेले, स्वतःच्या मापाचे.

शर्ट बरोबर आहेत.

मी मागून हात ठेवून बघितला. खांदे सारखे आहेत. दोन्ही अगदी सारखे.

२१ ऑक्टोबर, दुपार

नकाशांच्या खोलीत बसले आहे. मुकादम आला नाही, फोन उचलत नाही. दादाला लावला, लगेच ये म्हटलं, तो निघालाय, घाईत काही विचारलंही नाही त्याने — यायला संध्याकाळ होईल.

बाबांच्या शर्टातला तो पलीकडच्या खोलीत बसला आहे. दार उघडं आहे. मी लिहीत राहिले की त्याला वाटेल मला काही कळलं नाही.

परवा कुणाला घरात घेतलं मी. कुणाचे केस पुसले. आणि काल उतार फिरवला — माझ्याच हाताने — बाबा बाहेर असताना —

२१ ऑक्टोबर

धुकं विरळ झालंय. बाबा आहेत. काचेतून दिसताहेत. टेकडीवरून इकडेच येताहेत, हातावर कोट, उजवा खांदा उतरलेला. दोन दिवस बाहेर. उपाशी.

बांधापाशी आले. इथवर आले. आता सरळ या, बाबा, सरळ —

वळले. कळलंही नाही त्यांना. पाय उताराला लागले.

—

पुन्हा आले. पुन्हा बांध. पुन्हा वळले. दर वेळी जरा जास्त खाली जातात. आता पोटऱ्यांपर्यंत पाणी.

काचेवर हात आपटला. ऐकू जात नाही. दार त्या खोलीतून आहे. काच फोडायला खुर्ची उचल —

खुर्ची मागून कुणीतरी धरली आहे.

मागे उभा आहे. ओलं लागतंय मानेला. टेप आहे. मानेपासून कमरेपर्यंत लावली. गार.

म्हणतो, लिहीत राहा, फक्त हलू नकोस, माप चुकतं. बाबांच्या आवाजात. प्रेमाने.

बाबा कमरेइतक्या पाण्यात —

पाठ झाली. खांदे झाले. दंड.

म्हणतो, आता मनगट, लिहिता हात जरा —